चालीचं बारसं

२७ एप्रिल १९२८ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कोलंबिया कंपनीच्या माणसांसमोर जो फाल्कन अकॉर्डियन घेऊन बसला आणि क्लेओमा ब्रो गिटार घेऊन. कंपनीला या दोघांचा काहीच भरवसा वाटत नव्हता. रेन गावच्या एका जवाहिऱ्याने आधीच शेकडो तबकड्यांची मागणी नोंदवली, तेव्हा कुठे यंत्र सुरू झालं, असं सांगतात. त्या दिवशी जे मुद्रित झालं, ती केजन संगीताची पहिली तबकडी. गाण्यातला पुरुष एका बाईला म्हणतो, चल लाफायेतला, तिथे जाऊन तुझं नाव बदलू. तबकडीवर 'लाफायेत' असं नाव छापलं गेलं आणि त्याखाली कंसात फ्रेंच म्हणून जे छापलं गेलं ते होतं 'आलों आ लुआफेत'.

लुआफेत नावाचं गाव लुईझियानात शोधून सापडणार नाही. ते कंपनीतल्या कुणाच्या तरी कानात वसलेलं होतं. त्यातून लाफायेत हे नाव तरी कुठे जुनं? १८८४ पर्यंत त्या गावाला व्हर्मिलियनव्हिल म्हणत. म्हणजे नाव बदललेल्या गावाकडे नाव बदलायला निघालेलं गाणं, आणि तबकडीवर त्याचंही नाव बदललेलं. केजन चालींच्या नावांचा जो काही गुंता आहे, तो पहिल्याच दिवशी असा पुरता पडला.

हे केजन कोण, ते आधी थोडक्यात सांगायला हवं. कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागाला फ्रेंच लोक आकादी म्हणत. तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारासकट उठवलं आणि जहाजांत भरून मिळेल त्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं. त्यांतली काही कुटुंबं १७६५ मध्ये जोझेफ ब्रुसार ऊर्फ 'बोसोलेय' याच्याबरोबर लुईझियानात पोहोचली. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजं आली, त्यांत सुमारे सोळाशे माणसं होती. आकादियनचं कादियन झालं आणि इंग्रजी तोंडात त्याचं केजन. नैऋत्य लुईझियानाच्या दलदलीत आणि माळरानांवर हे लोक गुरं राखत, कापूस आणि भात पिकवत राहिले. शेजारी फ्रेंचच बोलणारे काळे क्रिओल होते, अटाकापा आणि ओपेलूसा हे मूळ रहिवासी होते, जर्मन आणि आयरिश होते. या सगळ्यांच्या गाठीभेटी शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरच्या नाचात होत. सामान अंगणात काढायचं, पोरांना एका खोलीत झोपवायचं आणि पहाटेपर्यंत नाचायचं. अशा नाचांना पुढे 'फे दोदो' म्हणू लागले. पोराला जोजवताना आई जे म्हणते, तेच नाचाचं नाव झालं.

या घरच्या नाचात चालीला नावाची गरज नव्हती, असं मला वाटतं, आणि सगळ्या रहस्याची किल्लीही तिथेच आहे. व्हायोलिनवाल्याने गज टेकवला की पहिल्या चार सुरांत पायांना कळायचं, हा वॉल्ट्झ आहे की टू-स्टेप, मझुर्का आहे की कोंत्रदान्स. कुणाला तीच चाल पुन्हा हवी असेल तर 'अमक्याची ती' म्हटलं की भागायचं. चाल ज्याच्याकडून ऐकली त्याची, किंवा ज्या गावात ऐकली त्या गावची.

नावाची गरज पडली ती तबकडीला. गोल कागदी लेबलवर काहीतरी छापावंच लागतं. दुकानदाराला मागणी नोंदवावी लागते, कंपनीला यादी करावी लागते, हक्कांची नोंद करावी लागते. त्यामुळे शंभर वर्षं बिननावाने नाचलेल्या चालींचं बारसं १९२८ ते १९३४ या काळात न्यू ऑर्लिन्स, अटलांटा, सॅन अँटोनिओ आणि न्यू यॉर्कच्या स्टुडिओंत धडाधड उरकलं गेलं. आत्या कोण, तर फ्रेंच न कळणारा कारकून. आणि वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना फ्रेंच लिहिता येत नव्हतं, कारण ते शिकवणारी शाळाच नव्हती. १९२१ च्या राज्यघटनेने तर लुईझियानाच्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागल्या. मग लेबलवर कानाला येईल तसं उमटायचं. 'तांत आलीन', म्हणजे आलीन मावशी किंवा आत्या, हिचं पहिल्या शब्दातच 'टाँट' झालं. इंग्रजीत त्याचा अर्थ टोमणा. टू-स्टेपचं एका लेबलवर चक्क 'तोस्ताप' झालं. जो फाल्कनने हिप आणि तायो अशा दोन कुत्र्यांवरचं एक गाणं गायलं. ते मालकाची घसरगाडी चोरतात आणि तो तापलेला दिसला की परत आणून देतात. घसरगाडीला फ्रेंचमध्ये 'त्रेनो' म्हणतात. लेबलवर तिचं 'त्रांका' झालं आणि त्या शब्दाला कुठल्याच भाषेत ठाव लागेना. कुत्र्याचं 'तायो' हे नाव मात्र अस्सल जुनं आहे. फ्रान्समध्ये हरीण दिसलं की शिकारी शिकारी कुत्र्यांना हीच आरोळी द्यायचे. राजांच्या रानातली आरोळी लुईझियानाच्या माळावर कुत्र्याच्या गळ्यात पट्ट्यासारखी अडकून राहिली.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असत. नवं पद कुठल्या जुन्या चालीवर बेतलं, हे वाचणाऱ्याला लगेच कळायचं. लुईझियानात नेमकं उलटं घडलं. नवं नाव छापलं आणि जुनं पुसलं.

गावांची नावं या याद्यांत सगळ्यांत जास्त आहेत. मामू, बाझील, ओपेलूसस, गेदाँ, जेनिंग्ज, मिडलंड, लेक आर्थर. नकाशा समोर ठेवून तबकड्या लावल्या तर एका दिवसात सगळा मुलूख फिरून होईल. हे मूळ चालीचं गाव असेलच असं नाही. त्या गावच्या नाचघरात ती लोकांना आवडली असेल, किंवा त्या गावातली गिऱ्हाइकं तबकडी विकत घेतील एवढाच हिशोब असेल. 'युनिस टू-स्टेप' ऐकताना लोकांना वाटतं, किती जुनं, मातीतलं नाव! पण युनिस गाव वसवलं सी. सी. ड्यूसन या जमिनीच्या व्यापाऱ्याने १८९४ मध्ये, रेल्वेच्या भरवशावर प्लॉट पाडून आणि विकून. गावाला नाव दिलं आपल्या बायकोचं. आज जगभरचे केजन वादक जी चाल घोटून घोटून शिकतात, तिच्यावर एका जमीनव्यापाऱ्याच्या पत्नीचं नाव आहे आणि तिचा संगीताशी काही संबंध होता असं कुठेच दिसत नाही.

मामूचं तसं नाही. या नावाबद्दल तीनचार मतं आहेत आणि सगळी एकमेकांशी भांडतात. कुणी म्हणतं, मूळ रहिवाशांच्या एका नायकाचं नाव. कुणी म्हणतं, इथे प्राचीन मॅमथ हत्तींची हाडं सापडली म्हणून. आणि त्या मुलखात मामू नावाचं एक झुडूपही आहे, लाल फुलांचं, लाल बियांचं, आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतलं. त्याचा काढा तिथल्या आज्या खोकल्यावर द्यायच्या. यातलं मला झुडूप पसंत आहे, पण पसंती हा काही पुरावा नव्हे.

व्यक्तींची नावं असलेल्या चालींकडे मात्र जरा थांबून पाहावं लागतं. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्सला दोन माणसं एकत्र वाजवायला बसली. अकॉर्डियनवर आमेदे आर्दुआँ, बाझीलजवळचा काळा क्रिओल शेतमजूर. व्हायोलिनवर डेनिस मॅकगी, गोरा केजन. वंशभेद पाळणाऱ्या त्या काळात हे दोघं दिवसा शेतात आणि रात्री नाचात एकत्र असत. त्यांच्या तबकड्यांची नावं वाचा: मादाम आचेनची, आबची, आईची टू-स्टेप, प्रेरी सुआलोची टू-स्टेप. एकीवर आमेदेचं स्वतःचं नावही आहे, अर्थात 'आमादी' असं चुकीचं लिहून. आणि एक वॉल्ट्झ आहे थॉमा आर्दुआँच्या नावाचा. हा आमेदेचा बाप. त्याचं नाव कुठल्या इतिहासात यायचं नव्हतं. ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आलं.

आमेदे पुढे १९३४ च्या डिसेंबरात एकटाच न्यू यॉर्कला जाऊन बारा गाणी मुद्रित करून आला. त्यांत तेलाच्या विहिरींवरच्या मजुरांचा एक वॉल्ट्झ आहे. लुईझियानाचं पहिलं तेल १९०१ मध्ये जेनिंग्जजवळ लागलं होतं आणि शेतं सोडून माणसं तिकडे जात होती. यानंतर आमेदे पुन्हा कुठल्या स्टुडिओत दिसला नाही. एका नाचात घाम पुसायला एका गोऱ्या मुलीने त्याला रुमाल दिला, म्हणून परतीच्या वाटेवर त्याला बेदम मारलं आणि त्या मारातून त्याचं डोकं कधी सावरलं नाही, अशी हकीकत त्या भागात सगळेच सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो गेला. त्याची कबर कुठली ते कळत नाही. त्याच्या चाली मात्र इरी लज्यून नावाच्या, जवळजवळ दृष्टिहीन अशा एका तरुणाने तबकड्यांवरून उचलल्या आणि १९४८ नंतर नव्या नावांनी पुन्हा वाजवल्या. आज त्या बहुतेकांना इरीच्या म्हणूनच ठाऊक आहेत. चोरी म्हणावी तर तिथे कुणी तसं म्हणत नाही, कारण चाल ही कुणाच्या मालकीची वस्तू असते हेच त्या नाचघरांना मान्य नव्हतं. ते फक्त कागदाला मान्य होतं.

नाव बदलत जाण्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट एका सोनेरी केसांच्या सुंदरीची आहे. १८ एप्रिल १९२९ रोजी अटलांटात ब्रो भावंडांनी, म्हणजे आमेदे ब्रो, ओफी आणि त्यांची बहीण क्लेओमा यांनी, 'माझी प्रिया निघून गेली' अशा अर्थाचं गाणं मुद्रित केलं. व्हायोलिनवादक मॅकगी म्हातारपणी सांगायचा की ही चाल मूळची आँजेलास लज्यूनची. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचं नाव 'विधवेची पोर' असं होतं आणि क्लेओमाने भावाच्या बायकोवर नवे शब्द रचून तिचं रूप पालटलं. मॅकगी शहाण्णव वर्षं जगला आणि त्या मुलखातल्या चालींबद्दल त्याला जितकं ठाऊक होतं तितकं क्वचितच कुणाला असेल, म्हणून त्याचं म्हणणं मी सहज बाजूला ठेवणार नाही. मात्र एकाच्या तोंडची साक्ष ती एकाच्या तोंडचीच.

१९४६ मध्ये हॅरी चोट्स नावाच्या चोवीस वर्षांच्याही आतल्या व्हायोलिनवाल्याने ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार कंपनीसाठी हीच चाल वाजवली. कंपनीचा मालक बिल क्विन. त्याने लेबलवर 'जोली ब्लाँद' ऐकू आलं तसं छापलं: 'जोल ब्लॉन'. १९४७ च्या सुरुवातीला ही तबकडी बिलबोर्डच्या देशी गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली. केजन संगीताने अमेरिकाभर पहिल्यांदा नाव काढलं, आणि ते नावच अशुद्ध. चोट्स १९५१ मध्ये ऑस्टिनच्या तुरुंगात वारला, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा. १९५८ मध्ये बडी हॉलीने वेलन जेनिंग्ज या नवख्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घेतलं. दोघांनाही फ्रेंचचा गंध नव्हता. त्यांनी चोट्सची तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून नुसते ध्वनी पाठ केले, तबकडी दुकानात गेली, आणि ज्यांना ती भाषा येत नव्हती त्यांना काहीच खटकलं नाही.

नेथन आब्शायरच्या 'पाइन ग्रोव्ह ब्लूज'चंही असंच. १९४९ ची ही तबकडी. पाइन ग्रोव्ह हे तो जिथे वाजवायचा त्या नाचघराचं नाव. चाल मात्र १९३४ मध्येच ब्रो भावंडांनी 'छोट्या कुत्र्याचा ब्लूज' म्हणून मुद्रित केली होती. नाव देण्याच्या बाबतीत हॅकबेरी रँब्लर्स या बँडचा किस्साही विसरता येत नाही. मॉन्टगमरी वॉर्ड या दुकानसाखळीने या मंडळींच्या रेडिओ कार्यक्रमाला पैसे पुरवले आणि बदल्यात काही तबकड्यांवर ते 'रिव्हरसाइड रँब्लर्स' झाले. रिव्हरसाइड हा त्या दुकानातल्या मोटारीच्या टायरचा मार्का होता.

आता कोलिंदा. या चालीला बाकीच्यांपेक्षा वेगळी जागा द्यावी लागते, कारण इथे नाव चालीहून कितीतरी जुनं आहे. (कालिंदीशी या नावाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी यमुनेपर्यंत धागा नेईल.) १९४६ मध्ये क्राउली गावच्या जे. डी. मिलरने 'फे दोदो' नावाचं लेबल काढलं. त्यावर हॅपी फॅट्स आणि डॉक गिद्री यांनी 'आलों दांसे कोलिंदा' वाजवलं. गाण्यातला मुलगा कोलिंदाला म्हणतो, तुझी आई इथे नाही तोवर चल नाचू, अंगाला अंग लावून नाचू, म्हाताऱ्या जळफळू देत. १९६२ मध्ये रॉड बर्नार्डने ते रॉक-एन-रोलच्या ठेक्यावर गायलं. केजन श्रोत्यांच्या दृष्टीने कोलिंदा ही शेजारच्या गल्लीतली पोरगी.

पण जां-बातिस्त लाबा या फ्रेंच पाद्र्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबियन बेटांचं जे वर्णन लिहिलं, त्यात 'कालेंदा' हा एक नाच आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा, ढोलांच्या तालावरचा. समोरासमोर दोन रांगा, मग जवळ येणं, मांड्यांना मांड्या भिडवणं. लाबाला तो अश्लील वाटला. बेटांवर तो बंद पाडण्याचे हुकूम काढले होते, हेही तो सांगतो. आणि स्पॅनिश वसाहतींत हाच नाच इतका रुजला होता की नाताळच्या रात्री जोगिणीसुद्धा तो नाचत, हेही तोच सांगतो. त्रिनिदादमध्ये 'कालिंदा' हे नाव लाठी खेळण्याला चिकटलं. न्यू ऑर्लिन्समध्ये 'दांसे कालिंदा' असं ध्रुवपद एका खट्याळ गाण्याला लागलं. मुस्यू प्रेव्हाल नावाच्या बड्या माणसाने तबेल्यात काळ्यांसाठी नाच भरवला, त्याची त्यात थट्टा होती. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांच्या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह छापला गेला, त्यात ते आहे.

आता 'दांसे कालिंदा' हे दोन शब्द कानांवर पडू द्या. ज्याला कालिंदा हा नाच ठाऊक आहे, त्याला ऐकू येतं: कालिंदा नाचा. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला ऐकू येतं: नाच गं, कालिंदा. मध्ये कुठेतरी नाच विसरला गेला आणि नाचाच्या जागी पोरगी उभी राहिली. शेन बर्नार्ड आणि जूलिया जिरुआर या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात या चालीची वंशावळ खणून काढली आणि नाचाची पोरगी कशी झाली ते मांडलं. मला त्यात विशेष वाटतं ते असं: अंगाला अंग लावून नाचणं आणि म्हाताऱ्यांचं जळफळणं, ही दोन्ही लाबाच्या वर्णनातून थेट या गाण्यात उतरली आहेत. नाच गेला, तरी त्याच्यावरची तक्रार राहिली. गोऱ्या केजन बँडने टाय लावून वाजवलेल्या १९४६ च्या तबकडीत आफ्रिकेच्या गुलामांचा एक बंदी घातलेला नाच आहे, आणि आहे तो फक्त नावात. चाल बघितली तर तिच्यात आफ्रिकेचं फारसं काही उरलेलं दिसत नाही.

याच मुलखातल्या काळ्या क्रिओलांच्या संगीताला आज झायडेको म्हणतात, आणि त्या नावाची वाटही अशीच वेडीवाकडी आहे. १९३४ च्या उन्हाळ्यात जॉन आणि अॅलन लोमॅक्स या बापलेकांनी जेनिंग्जच्या आसपास टाळ्या-पायांच्या ठेक्यावरची काही गाणी मुद्रित केली. त्यांत एक शब्दप्रयोग येतो: शेंगा खारट नाहीत. म्हणजे घरवाल्याकडे शेंगांत घालायला खारवलेलं मांस नाही, हातात पैसा नाही. शेंगांना फ्रेंचमध्ये 'लेझारिको' म्हणतात, आणि त्याचंच पुढे झायडेको झालं असं सहसा मानतात. काही जण मात्र झायडेको या शब्दामागे पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतले नाचाचे शब्द पाहतात, आणि कोलिंदाची कथा ऐकल्यावर त्यांना हसण्याची माझी तरी हिंमत होत नाही. १९४९ च्या सुमाराला लाइटनिन हॉपकिन्सने ह्यूस्टनमध्ये या ढंगाचं एक गाणं मुद्रित केलं. कंपनी गोल्ड स्टार, मालक तोच बिल क्विन. त्याने लेबलवर छापलं 'झोलो गो'. शेवटी 'झायडेको' ही अक्षरं १९६० च्या आसपास मॅक मॅकॉर्मिक या संशोधकाने पक्की केली, १९६५ मध्ये क्लिफ्टन शेनियेच्या तबकडीने ती गाजवली, आणि २००८ मध्ये ग्रॅमीच्या यादीत झायडेको आणि केजन संगीतासाठी एक स्वतंत्र पुरस्कार आला. चार वर्षं तो दिला गेला. मग अकादमीने तो बंद करून 'प्रादेशिक मुळांचं संगीत' अशा खात्यात या दोघांना हवाई आणि पोल्का यांच्याबरोबर बसवलं.